आंटीचा पहिला घास

वडिलांनी मला दोन गोष्टी दिल्या, शिक्षण आणि संशय. शिक्षणाच्या जोरावर मी जर्मनीत बॉनपर्यंत पोचलो. संशय व्हिसा न लागता आपोआप बरोबर आला. इथे मी भूजलाच्या संशोधनात काम करतो. बाटलीतल्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात काय लपलंय ते हुडकायचा मला पगार मिळतो, आणि घरी आल्यावर तेच काम मी फुकटात चालू ठेवतो. सुपरमार्केटात बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचून झाल्याशिवाय पुडा ट्रॉलीत पडत नाही. तोवर बायकोची सगळी भाजी घेऊन झालेली असते. मुलगी लांबून जर्मनमध्ये ओरडते, "पापा, कॉम येत्स्ट!" म्हणजे चल आता, आणि मी तिला हाताने थांब म्हणतो.

खाण्यापिण्याच्या बाबतीत माझा संशय दुहेरी आहे. दुसऱ्याने दिलेलं मी का खावं हा एक, आणि आम्ही दिलेलं दुसऱ्याने का खाल्लं नाही हा दुसरा. दुसरा जास्त चिवट आहे.

ड्युसेलडॉर्फला मराठी मंडळी वर्षातून दोनतीनदा जमतात. प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणायचा. माझी बायको काळ्या मसाल्यातलं भरलं वांगं करते. मी माझं ताट घेऊन अशा जागी उभा राहतो की गप्पाही मारता येतील आणि वांग्याचं पातेलंही दिसेल. कोण वाढून घेतं, कोण पुढे सरकतं, कोण आमच्याकडे बघून मग पुढे सरकतं, सगळं माझ्या डोक्यात पक्कं बसतं. एकदा एका बाईंनी डाव उचलला, क्षणभर हातात धरला आणि परत ठेवला. परतीच्या ट्रेनमध्ये मी तासभर धुमसत होतो. बायको म्हणाली, "अरे, त्यांना वांग्याची अ‍ॅलर्जी आहे. मागच्या वेळी तुझ्यासमोरच सांगत होत्या." मला आठवत होतं. तरीही माझा विश्वास बसला नाही.

याला कारण एक गाय आहे. लहानपणी आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो. आम्ही बौद्ध. दिवाळीला घरात पूजा नसायची, पण करंज्या असायच्या. चाळीस बिऱ्हाडांतून फराळाची ताटं फिरत, तसं आईचंही ताट शेजारच्या काकूंकडे जाई. काकू फार गोड बोलायच्या. "अगबाई, किती सुरेख मुरड घातलीय!" म्हणत ताट आत न्यायच्या आणि रिवाजाप्रमाणे त्यात चमचाभर साखर घालून परत द्यायच्या. एका सकाळी शाळेला जाताना फाटकापाशी काकू गायीला काहीतरी भरवताना दिसल्या. आईच्या करंज्या होत्या. ती मुरड मी कुठेही ओळखली असती, कारण आदल्या दिवशी मी शेजारी बसून पाहिली होती. मी आईला सांगितलं नाही. पुढच्या दिवाळीला ती ताट भरायला लागली की मी घराबाहेर निघून जायचो.

आणि पहिल्या संशयाचं मूळ वडिलांकडे. आमच्या आधीच्या पिढ्यांना गावाने उष्टं-शिळं वाढलं. आजी टोपली घेऊन दारोदार जायची, आणि जे ताटात उरलं ते टोपलीत पडायचं. धर्म बदलला त्या दिवशी आजोबांनी ती टोपली जाळली. वडील ही गोष्ट जेवताना सांगायचे, मुद्दाम जेवतानाच. "उपाशी झोप, पण कुणाचं उष्टं तोंडात घालू नको." आमच्या घरात भावाभावांनीही एका ताटात जेवायचं नाही. आई कधी वडिलांच्या ताटात जेवली नाही, आणि वडिलांना त्याचा अभिमान होता. पस्तीस-चाळीस वर्षांचा होईपर्यंत मी कुणाचा अर्धा खाल्लेला सफरचंदाचा तुकडासुद्धा घेतला नव्हता. माझ्या मुलीचाही नाही.

एवढं सामान घेऊन मी घानाला गेलो.

माझी एक जर्मन सहकारी आणि तिचे मित्र मिळून एक छोटी संस्था चालवतात. घानाच्या उत्तरेला काही गावांत हातपंप आहेत, त्यातल्या काहींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. कुणीतरी जाऊन सगळे पंप नीट तपासायचे होते. दहा आठवड्यांचं काम, बिनपगारी. आमच्याही भागात अशा पाण्याने दात पिवळे पडलेली, गुडघे वाकलेली माणसं मी पाहिलेली, त्यामुळे नाही म्हणवेना. जाण्याआधी बॉनमध्ये एक शनिवारभर शिबिर झालं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, जेवण वाढलं तर नाकारू नका, थोडं तरी खा, तिथे तो मानाचा प्रश्न असतो. मी वहीत लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग घरी येऊन बॅगेत सुकटीची चटणी, शेंगदाण्याची चटणी, येसराचा मसाला, पोहे, कुरडया आणि झटपट नूडल्सची पाकिटं भरली. बायको बघत होती. म्हणाली, "आल्झो, म्हणजे दहा आठवडे तू हेच खाणार?"

"बघू," मी म्हटलं. म्हणजे हो.

गाव सपाट, लाल मातीचं. शाळेच्या आवारात एक पाहुण्यांची खोली होती, ती मला मिळाली. माझ्या जेवणाची व्यवस्था हेडमास्तरांनी आधीच लावून ठेवली होती. शाळेच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक बाई रोज दुपारी जेवण विकायची. शिक्षक, शेतावरची माणसं, बाजाराला निघालेल्या बायका, सगळे तिच्याकडे जेवत. साठीच्या आसपासची, उंच, विधवा, मुलं दूर शहरात. सगळे तिला आंटी म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. तिला कामापुरतं इंग्रजी येत होतं. माझं दुपारचं जेवण ती स्वतः खोलीवर आणून देणार होती.

पहिल्या दुपारी आंटी दारात आली. एका वाडग्यात पांढरट पिठाचा गरम गोळा, वर हिरवी बुळबुळीत भाजी. तिने वाडगं खाली ठेवलं, हात धुतले, गोळ्याचा एक तुकडा तोडला, भाजीत बुडवला आणि माझ्यासमोर स्वतःच्या तोंडात घातला. चावून गिळला. मग वाडगं दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे केलं.

मी त्या वाडग्यातल्या खड्ड्याकडे पाहत राहिलो. तिची बोटं जिथे गेली होती तिथे गोळा खचला होता.

पहिला विचार आला, बाई भुकेली असेल. दुसरा आला, मीठ बघायचं राहून गेलं असेल, पण मग ते चुलीपाशी बघायचं ना, पाहुण्याच्या दारात कसलं बघते? तिसरा विचार आला तो वडिलांच्या आवाजात आला. परक्या देशात, दहा हजार पुस्तकं वाचून आलेल्या माणसाला, एक बाई तिचं उष्टं वाढते आहे. माझे कान तापले. मी हसलो, थँक्यू म्हटलं आणि वाडगं घेतलं.

आणखी एक गोष्ट होती, वास. भाजीला एक उग्र, कुजट वास होता. मी सुकट खाणारा माणूस, मला वासाचं भय नाही, पण हा वास सुकटीचा नव्हता. विचारलं तर आंटी म्हणाली, "दावादावा." कसल्याशा बिया आंबवून केलेला मसाला, सगळ्या भाज्यांत घालतात. तिने सांगितलं ते खरंच होतं. पण मी ते ऐकून घेतलं ते काउंटरवरच्या माणसाचं ऐकावं तसं, मागची बारीक अक्षरं अजून वाचायची आहेत अशा चेहऱ्याने.

ती गेल्यावर मी खोलीच्या मागे गेलो. तिथे कुंपणाशी एक काळी-पांढरी शेळी बांधलेली असे, शाळेच्या शिपायाची. मी वाडगं तिच्यापुढे धरलं. शेळीला ना वासाची तक्रार ना उष्ट्याची. मी वाडगं धुऊन ठेवलं, खोलीत येऊन पोहे भिजवले, येसर घालून खाल्ले. संध्याकाळी आंटी रिकामं वाडगं न्यायला आली तेव्हा तिला बरं वाटलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दर दुपारी आंटी दारात, दर दुपारी पहिला घास तिच्या तोंडात. मी तिच्यावर लक्ष ठेवू लागलो. फाटकाशी गिऱ्हाइकांना वाढताना ती असं करते का? करत नव्हती. म्हणजे फक्त माझ्याच ताटात हात घालायचा होता! हे कळल्यावर तर ती मुद्दाम करते अशी माझी खात्रीच पटली. मी तिला बजावून सांगायचं ठरवलं, पण काय सांगणार? तुमचं उष्टं मी खात नाही, हे इंग्रजीत सांगायला लागलो तर वाक्य कुठून सुरू करायचं तेच सुचेना. उष्ट्याला इंग्रजीत शब्द नाही, जर्मनमध्येही नाही. माझ्या मुलीला मी कधी समजावू शकलो नाही, आंटीला कसा समजावणार?

कामाचं मात्र उत्तम चाललं होतं. माझ्याकडे एक पेटी होती, तिच्यात छोट्या काचेच्या नळ्या. पंपाचं पाणी घ्यायचं, दोन थेंब घालायचे, रंग बघायचा. लोक गोल करून उभे राहत. दुसऱ्या आठवड्यात मशिदीजवळच्या पंपाचं पाणी वाईट निघालं आणि आम्ही त्याच्या दांड्याला लाल रंग दिला. दुसऱ्या दिवसापासून त्या पंपावर एकही बाई पाणी भरायला आली नाही. मला फार अभिमान वाटला. माझ्या एका शब्दावर गाव विश्वास ठेवत होतं. या विश्वासाचं आणखी काय होऊ शकेल, याचा विचार माझ्या संशयी डोक्यात एकदाही आला नाही.

तिसऱ्या आठवड्यात शेळी फुगली.

सकाळी शिपाई ओरडतच आला. शेळी आडवी पडली होती, पोट टम्म, डोळे फिरलेले. आता मला ठाऊक आहे की शेळीला रोज शिजवलेल्या पिठाचा मोठा गोळा घातला तर असं होतंच. तेव्हा मला एवढंच कळलं की तिच्या तोंडाशी कालच्या पिठाचे पांढरे कण आहेत, आणि ते मी एकटाच पाहत नाहीये. शिपायाने कणांकडे पाहिलं, माझ्या खोलीच्या मागच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.  त्याने शेळीला तेल पाजलं, पोट चोळलं. दोन दिवसांनी ती उठून उभी राहिली, पण तोवर गोष्ट गावभर झाली होती.

शेळी पडली त्या दुपारी आंटी आली नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दुपारी मी फाटकापर्यंत गेलो. कडुनिंबाखाली आंटी बसली होती, पातेलं झाकलेलं, समोरचं बाकडं रिकामं. शिक्षक दुसऱ्या वाटेने बाजाराकडे जेवायला जाताना दिसले. तीन वाजता आंटीने पातेलं तसंच्या तसं डोक्यावर घेतलं आणि घराकडे निघाली. भरलेल्या पातेल्याचं वजन तिच्या मानेवर दिसत होतं. पुढच्या दिवशी तेच.

संध्याकाळी हेडमास्तर माझ्या खोलीवर आले. शांत माणूस, मला नेहमी इंजिनियर म्हणायचे. खुर्चीवर बसले, चष्मा पुसला.

"इंजिनियर, तुम्ही आंटीचं जेवण शेळीला घालत होता?"

मी मान हलवली.

"तिने आधी खाऊन दाखवल्यावर?"

"म्हणजे?"

"ती तुमच्यासमोर पहिला घास खात होती ना?"

"रोज. त्याचंच मला समजत नव्हतं," मी जरा घुश्शातच म्हटलं.

हेडमास्तरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. लांबून आलेल्या पाहुण्याला पाणी द्यायचं तर घरधनी आधी एक घोट पितो. जेवणाचं तसंच. त्याचा अर्थ, बघा, यात काही नाही, तुमच्या जिवाला धोका असेल तर आधी माझ्या जिवाला आहे. गावातल्या माणसासाठी कुणी हे करत बसत नाही, गावाचा एकमेकांवर विश्वास असतोच. हा मान फक्त परक्याचा. आणि असा घास खाऊन दाखवल्यावरही पाहुण्याने जेवण टाकलं तर त्याचा एकच अर्थ होतो.

"काय?"

"की या बाईवर त्याचा भरवसा नाही. तिने काहीतरी घातलंय. आणि टाकणारा कोण? तर पेटी घेऊन आलेला माणूस. ज्या पंपाला तुम्ही नको म्हटलंत त्याचं पाणी आम्ही सोडलं. मग आंटीच्या पातेल्याला तुम्ही नको म्हटलंत..." त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. "शेळीही आजारी पडली."

"पण हा मूर्खपणा आहे! तिच्या जेवणात काही नव्हतं."

"मला माहीत आहे. मी तेरा वर्षं तिच्याकडे जेवतो. पण ती एकटी बाई आहे, नवरा नाही, मुलगे इथे नाहीत. अशा बाईबद्दल बोलायला सुरुवात झाली की ते बोलणं जेवणापाशी थांबत नाही. अशा बोलण्यापायी बाईला गाव सोडावं लागलेलं मी पाहिलंय."

मराठवाड्यातल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. करणी हा शब्द आमच्याकडेही आहे, आणि तो कुणावर टाकला जातो हेही आम्हाला ठाऊक आहे. मी हेडमास्तरांना विचारलं, तिला मी काय सांगू? ते उठता उठता म्हणाले, "सांगून काय होणार? लोकांनी पाहिलंय, ऐकलेलं नाही."

त्या संध्याकाळी मी मागच्या दारात बसून राहिलो. शेळी कुंपणाशी कोवळा पाला खात होती. तिच्याकडे बघताना मला शेजारच्या काकू आठवल्या. फाटकाशी, हात पुढे केलेला, त्यात करंजी, समोर गाय. तीस वर्षं मी त्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. वाडगं गोड हसून घ्यायचं, थँक्यू म्हणायचं, जनावराला घालायचं, धुऊन परत द्यायचं. काकू निदान वर साखर तरी घालायच्या. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

तरी सांगतो, त्याही वेळी डोक्याच्या एका कोपऱ्यात वडील बसलेच होते. काकूंचं वेगळं, आपलं वेगळं, आपण मानासाठी नाही म्हटलं. हे खरंही होतं. पण कारण कुठलंही असो, आंटीचं पातेलं सारखंच भरलेलं राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. शाळेपुढचा रस्ता माणसांनी, सायकलींनी भरलेला. आंटी कडुनिंबाखाली बसली होती, बाकड्यावर कुणी नाही. मी मुद्दाम रस्त्याच्या मधून चालत गेलो आणि बाकड्यावर बसलो. पाठीमागे लोक थांबल्याचं मला कळत होतं. आंटीने वर पाहिलं नाही.

"आंटी, जेवायला वाढा."

तिने वाडगं घेतलं, गोळा घातला, भाजी घातली. वाडगं माझ्यापुढे ठेवलं आणि हात कमरेच्या कापडाला पुसून मागे सरून बसली.

घास घेतला नाही.

मी वाडग्याकडे पाहिलं. वर गोल, गुळगुळीत गोळा, कुठे बोट लागलेलं नाही. तीन आठवडे मला हेच हवं होतं ना? कुणाचा हात न लागलेलं ताट. आणि माझ्या लक्षात आलं की हे मी असंच खाल्लं तर लोक एवढंच बघतील की आज आंटीने खाऊन दाखवलं नाही. तिलाही ते माहीत होतं. ती आता माझ्यासाठी जबाबदारी घेणार नव्हती, आणि ती का घ्यावी?

"आंटी," मी म्हटलं, "आधी तुम्ही खा."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय होता, चांगला पिकलेला, माझ्यापेक्षा जुना. हा माणूस आता आणखी काय करणार आहे?

"आधी मी खाऊ?" ती मोठ्याने म्हणाली. मागच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"हो. तुम्ही खाल्ल्यावर मी खाणार. तुमचा घास पाहिजे."

हे मी इंग्रजीतच बोललो. मराठीत बोलायची वेळ आली असती तर कदाचित तोंडातून फुटलं नसतं. आजोबांनी जाळलेली टोपली माझ्यासमोर होती, आणि तरी मी हात पुढे करून मागत होतो.  

आंटी लगेच उठली नाही. तिने आधी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग पाणी घेऊन सावकाश हात धुतले, एकेक बोट. वाडगं मांडीवर घेतलं, नेहमीपेक्षा मोठा घास तोडला, भाजीत पूर्ण बुडवला आणि तोंडात घातला. चावत राहिली. इतका वेळ चावत राहिली की मला वाटलं ती हा घास कधी गिळणारच नाही. तीन आठवडे शेळीला गेलेल्या जेवणाचा राग ती चावत होती, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बाकड्यावर बसलो होतो. शेवटी तिने गिळलं, रिकामं तोंड उघडून मला दाखवलं, आणि वाडगं पुढे केलं.

तिच्या बोटांनी जिथे खड्डा पडला होता तिथूनच मी घास तोडला. ज्वारीच्या उकडीसारखी चव होती. मी त्या गोळ्याला तीन आठवडे परकं समजत होतो, आणि ते ज्वारीचंच पीठ होतं, आमच्याकडे आजारी माणसाला शिजवून देतात तसं. भाजी भेंडीसारखी बुळबुळीत. दावादावाचा वास मात्र मला तेव्हाही आवडला नाही, खोटं कशाला बोलू? मी वाडगं चाटूनपुसून संपवलं आणि आणखी मागितलं.

दुसरं वाडगं चालू असताना हेडमास्तर येऊन शेजारी बसले. मग शिपाई आला, शेळीचा मालक. तो बसायच्या आधी जरा घुटमळला. आंटी त्याला काहीतरी तिखट बोलली, लोक हसले, तो बसला. चार वाजायच्या आत पातेलं खरवडून झालं होतं.

पुढचे सात आठवडे मी रोज तिथेच जेवलो. आंटी रोज माझ्यासमोर आधी घास खायची. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तिने वाडगं नुसतंच ठेवलं आणि दुसऱ्याला वाढायला वळली. मी थांबून राहिलो. ती म्हणाली, "खा ना. तू आता परका आहेस का?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते वाफेवर ढकललं.

परत आल्यावर हे मी बायकोला सांगितलं, सहकाऱ्यांना सांगितलं, संस्थेच्या अहवालात एक सभ्य परिच्छेद लिहिला. आईला सांगितलं नाही. तिला सांगायचं तर काकूंची गायही सांगावी लागली असती.

या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी बॉनला आली. गुडघे धरलेत, पण स्वयंपाकघरात कुणाला येऊ देत नाही. ड्युसेलडॉर्फच्या जेवणाच्या आदल्या दुपारी ती टेबलापाशी बसून करंज्या करत होती, मंडळासाठी. तीच मुरड. मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडणार होतो, चपला घातल्याही होत्या. मग परत फिरलो, तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. आंटी, पहिला घास, शेळी, कडुनिंब. वडिलांचं नाव काढताना चाचरलो. शेवटी फाटकापाशीच्या गायीचंही सांगितलं.

आई मुरड घालत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"गायीचं. अरे, तू सातवीत होतास. मी त्याच्या आधीपासून बघत होते."

"मग दरवर्षी ताट का पाठवायचीस?"

 तिने करंजी ताटात ठेवली, दुसरी पारी हातात घेतली. मुलगी आत आली, एक करंजी उचलली, अर्धी खाल्ली आणि उरलेली आजीपुढे धरून म्हणाली, "ओमा, प्रोबीअर माल." आजी, चाखून बघ. आई म्हणजे वडिलांची शिस्त जन्मभर पाळणारी. तिने त्या अर्ध्या करंजीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड पुढे करून खाल्ली.

"त्या बाईचं पातेलं रिकामं झालं म्हणालास ना?" तिने चावता चावता विचारलं.

"पार खरवडून."

"चांगलं झालं, लेकरा." मग हातातल्या पारीवर सारण ठेवत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू निदान परत जाऊन बसलास तिच्यासमोर. मी वाट बघायची रे, दर दिवाळीला. माझ्याकडे कुणी परत आलं नाही."